गुणाजीचा पाण्याचा कान

गुणाजी नाखव्याला ऐकू येत नाही ही गोष्ट ठाण्यातल्या चेंदणीच्या कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत होती. फक्त त्याच्या कानांना ती कुणी सांगितली नव्हती. तीन घरं पलीकडे दूध उतू गेलं तर त्याला फस्स ऐकू यायचं. त्याची बायको मंजुळा देवापुढे बसून पुटपुटत त्याच्या नावानं बोटं मोडायची, तेही शब्दन् शब्द कळायचं. तरी लोक त्याच्याशी ओरडून बोलायचे. सुरुवातीला तो म्हणायचा, "अरे वरडतंस कशाला? मी इथंच हाय." मग कंटाळला. पुढे पुढे तर कुणी हाक मारली की स्वतःच हात कानामागे न्यायचा आणि "आं?" करायचा. एखाद्याला नऊ वर्षं रोज बहिरा म्हटलं की तोही बिचारा लोकांची सोय बघायला लागतो.

याचा खुलासा असा. खाडीकाठच्या या माणसांच्या लेखी कान दोन तऱ्हेचे. एक जमिनीचा, तो सगळ्यांना असतो. दुसरा पाण्याचा, तो एखाद्याच घरात असतो. गुणाजीकडे तो बापाकडून आला होता. भरती पुरी झाली की उलटण्याआधी पाणी जरा वेळ उभं राहतं. तेवढ्यात त्याचा बाप दामाजी वल्ह्याचं पातं पाण्यात खोल सोडायचा, वल्ह्याची मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचा आणि डोळे मिटायचा. होडीत कुणी खोकायचं नाही, काडी ओढायची नाही. थोड्या वेळानं तो बोट दाखवायचा आणि जाळं तिकडे पडायचं. बाकीच्या होड्या लांबून बघत बसायच्या, त्याचं बोट कुठे वळतं ते.

मासे मुके असतात असं शाळेत शिकवतात, ते खाडीवर न आलेल्या माणसांनी लिहिलेलं. गुणाजीला सोळाव्या वर्षापासून ठाऊक होतं की ढोमा ढोलकी वाजवतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, कोळी तिला भोत म्हणतात; ढोमा त्याच भोतावर आतून ठोके देतो, आणि पावसाळा सरताना संध्याकाळी शेकडो ढोमे एकदम वाजायला लागले की वल्ह्याची मूठ हाडावर थरथरते. शिंगाला मासा करकरतो, न उघडणाऱ्या दाराच्या बिजागरीसारखा. आणि या सगळ्याखाली बारक्या कोळंबीची तडतड सतत चालू, तव्यावर खडेमीठ टाकावं तशी. गुणाजीला हे सगळं वेगवेगळं कळायचं. त्याचा धाकटा भाऊ धाकू जाळं सोडायचा. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं टाकायचं, असं वीसेक वर्षं चाललं आणि दोघांच्या संसारांना कमी पडलं नाही.

ऐंशी साली त्र्यंबक सर आले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. लांब मान, जाड चष्मा, आणि होडीत पाय ठेवला की दोन्ही हातांनी काठ धरून बसणार. त्यांच्याकडे पाण्यात सोडायचा माईक होता, रबरात गुंडाळलेला, त्याला लांब वायर आणि वायरीच्या टोकाला टेपरेकॉर्डर. मासे काय बोलतात ते त्यांना कॅसेटवर घ्यायचं होतं. "आवाजावरून खाडीत कोण राहतं, किती राहतात, हे कळतं गुणाजी. जाळं न टाकता," असं ते म्हणाले. गुणाजीला हसू आलं, कारण हे त्याला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. पण माणूस सरळ होता. सप्टेंबरातल्या चार संध्याकाळी दोघे भाऊ त्यांना घेऊन खाडीपलीकडे विटाव्याच्या अंगाला गेले. सर माईक सोडायचे, गुणाजी वल्हं लावून नावं सांगायचा, टेपरेकॉर्डरचा आतला माईक तीही पकडायचा, आणि टेप फिरत राहायची. जाताना सरांनी त्याला एक थर्मास भेट दिला. निळा, त्यावर पांढरी फुलं. कोळीवाड्यातला तो पहिला थर्मास.

दोन-तीन वर्षांत गुणाजीला कमी ऐकू यायला लागलं. पाण्यातलं. आधी शिंगाला गेला. मग ढोम्यांची ढोलकी लांब गेल्यासारखी झाली, मग एका संध्याकाळी वल्हं कानामागे लावलं आणि आत नुसती घरघर. त्यानं मूठ पुसली, दुसऱ्या बाजूला लावली. बापाचं जुनं वल्हं काढून बघितलं. शेवटी लाज वाचवायला कुठेतरी बोट दाखवलं. धाकूनं जाळं टाकलं आणि ते चिखल घेऊन वर आलं. असं एकदा नाही, दोन मोसम झालं.

खाडीचं काही बिनसलं असेल, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. पाण्याला वास येत होता, कधी कधी काठाला तांबडा फेस धरायचा, रेती काढणाऱ्यांचे पंप आले होते, हे सगळे बघत होते. पण खाडी आटत नाही, खाडी मरत नाही. मरतो तो माणूस, जातो तो माणसाचा कान. शिवाय कारण समोर फळीवर ठेवलेलं होतं. निळं, पांढऱ्या फुलांचं. गुणाजीनं खाडीचा आवाज साहेबाला डब्यात भरून दिला, आणि आवाजाबरोबर त्याचा कानही डब्यात गेला. आधी म्हाताऱ्या बोलल्या, मग पोरंसोरं, आणि चौऱ्याऐंशी सालच्या गौरी-गणपतीत, घरात पाहुणे असताना, धाकू बोलला.

"थर्मासापायी कान इकलास, दादूस. तुजा इकलास तर इकलास. त्या कानावं माझं बी घर चालत व्हतं."

गुणाजीलाही तसंच वाटत होतं. महिन्याभरात धाकू बायको नंदाला घेऊन डोंबिवलीला गेला आणि तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात लागला. त्यानंतर दोन्ही भावांचं बोलणं नाही. मंजुळा आणि नंदा बाजारात भेटायच्या, पण मंजुळा ते घरी सांगत नसे. धाकूचं नाव निघालं की गुणाजी जेवता जेवता उठायचा, आणि जेवण वाया घालवणं तिला परवडत नव्हतं. ती पहाटे भाऊच्या धक्क्यावरून दुसऱ्यांचं म्हावरं आणून ठाण्याच्या बाजारात विकायची. गुणाजी ओहोटीला काठाच्या चिखलात चिंबोऱ्या धरायचा. चिंबोऱ्यांना कान लावावा लागत नाही. थर्मास फळीवर तसाच राहिला. त्यात कधी चहा भरला गेला नाही, आणि तो फेकून द्यायचीही कुणाची हिंमत झाली नाही.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात उत्तरा आली. त्र्यंबक सरांची विद्यार्थिनी. तिशीची, चपला हातात घेऊन चिखलातून सरळ चालत आली म्हणून गुणाजीला ती पहिल्या नजरेत बरी वाटली. सर दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि त्यांच्या कॅसेटी तिच्याकडे होत्या. त्याच जागी, त्याच दिवसांत, पुन्हा माईक सोडून तिला ताडून पाहायचं होतं.

"काका, जागा तुम्हालाच माहीत आहेत. आणि आवाज ओळखणारं दुसरं कोणी नाही," ती म्हणाली.

"आं?" गुणाजी सवयीनं म्हणाला.

तिनं मोठ्यानं सांगितलं.

"माजा कान गेला, बाय. तुज्या सरांनी नेला. त्यांना इचार."

ते मेल्याचं तिनं आत्ताच सांगितलं होतं, हे आठवून त्याला वाईट वाटलं. शेवटी तो उठला. नाही म्हणत बसण्यापेक्षा होडी वल्हवणं कमी त्रासाचं, एवढ्याच हिशेबानं उठला.

तीन संध्याकाळी ते विटाव्याच्या अंगाला गेले. आताचा माईक बोटाएवढा होता आणि कानांवर बसणारे हेडफोन होते. पाणी उभं राहिलं की उत्तरा माईक सोडायची, आधी स्वतः ऐकायची, मग हेडफोन त्याच्याकडे द्यायची. तीनही दिवस गुणाजीला तेच ऐकू आलं. घरघर. लांब कुठेतरी पंप चाललेला. एखादा बुडबुडा. तो हेडफोन काढून परत द्यायचा, मान हलवायचा, आणि उत्तरा वहीत काहीतरी लिहायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बघ. म्यां तुना पयलंच सांगितलं. बहिऱ्याला फिरवतंस तू."

चौथ्या दिवशी तिनं माईक सोडला, हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि टेपचं बटण दाबलं. त्याला वाटलं, रोजच्यासारखंच. डोळे मिटून तो घरघरीची वाट बघत बसला.

आधी तडतड आली. तव्यावरचं मीठ. गुणाजीनं श्वास धरला. मग खालून, डुग डुग डुग. एक. मग दोन. मग सगळी खाडी वाजायला लागली.

"ढोमा," तो म्हणाला. "ढोमाच. लय हायेत... थांब, बोलू नको. शिंगाला. त्यो बघ, लांब, यकटाच हाय. ह्यो मोठा ढोमा. ह्यो म्हातारा." त्याचे हात काठावरून सुटले होते आणि बोट पाण्यावर फिरत होतं, बापाचं फिरायचं तसं. "जालं आन! अगं, जालं कुठं हाय!"

तेवढ्यात हेडफोनमध्ये कुणीतरी बोललं. दमदार, तरुण आवाज. "शिंगाला. लांब. यकटाच हाय." आणि मागून दुसरा, त्याहून कोवळा: "दादूस, टाकू का?"

गुणाजीनं डोळे उघडले. पाणी काळं होतं आणि त्यावर एक प्लास्टिकची पिशवी तरंगत होती. उत्तरा त्याच्याकडे बघत होती. तिच्या मांडीवर टेपरेकॉर्डर आणि त्यात जुनी कॅसेट फिरत होती, सरांच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली.

"टेपवरच्या आवाजानं नाव घ्यायच्या आधी तुम्ही ते सांगितलंत काका," ती म्हणाली. यावेळी ती ओरडली नाही. "सांगून लावली असती तर तुम्ही आठवून बोलताय असं वाटलं असतं, म्हणून सांगितलं नाही. चुकले असेन. पण तुमचा कान चांगला आहे. खाली कुणी बोलत नाहीये. ऐंशी साली एका मिनिटात सत्तर-ऐंशी ठोके मोजलेत सरांनी. यंदा तीन संध्याकाळी मिळून मला एकही मिळालेला नाही."

गुणाजीला रडू आलं. लाज न बाळगता तो रडला. नऊ वर्षं त्यानं स्वतःला शिव्या घातल्या होत्या. त्या आता कुणाला घालायच्या हे त्याला कळेना. कान परत मिळाला याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो ऐकणार काय? खाडी मेली आणि आपण बहिरे म्हणून चिंबोऱ्या धरत बसलो. बहिरा होतो तेच बरं होतं, असं त्याच्या तोंडून निघून गेलं.

घरी तो काही बोलला नाही. कोळीवाड्यात तर नाहीच, नाक्यावर हाक आली तेव्हा नेहमीप्रमाणे "आं?" केलं. त्याला एकाच माणसाला सांगायचं होतं. जगानं काय म्हणायचं ते म्हणावं, पण धाकूनं एकदा म्हणायला हवं होतं की दादूस, तुझा कान गेला नव्हता, तू काही विकलं नाहीस. एवढंच. उत्तरानं कॅसेटची नक्कल करून दिली आणि आपला वॉकमन चार दिवसांसाठी दिला. बटणं कशी दाबायची ते मंजुळेनं, कशासाठी ते न विचारता, शिकून घेतलं आणि त्याला दाखवलं.

"कुठं निघालंस?" शुक्रवारी सकाळी तिनं विचारलं.

"डोंबिवलीला."

मंजुळेनं फळीवरून थर्मास काढला, तीन पाण्यांनी विसळला आणि त्यात चहा भरला. काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं होतं, पण दारात कुणीतरी कोळंबीचा भाव विचारायला आलं आणि ते राहून गेलं.

खोपटच्या डेपोतून त्यानं एसटी पकडली. गाडी शीळफाट्याला बराच वेळ खोळंबली. कंडक्टरनं दोनदा ओरडून तिकीट विचारलं. ते मात्र त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं, कारण तो मनात धाकूशी बोलत होता. काय म्हणायचं, कुठून सुरू करायचं, आधी कॅसेट की आधी बोलणं. शुक्रवार होता, म्हणजे डोंबिवलीच्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी, धाकू घरी असणार. कारखान्यांच्या वासातून विचारत विचारत तो चाळीत पोचला. दार नंदानं उघडलं. ती आधी त्याच्याकडे आणि मग निळ्या थर्मासकडे बघत राहिली, आणि पदर सावरत बाजूला झाली.

धाकू खाटेवर बसला होता, दाराकडे पाठ. डोक्यावर केस उरले नव्हते.

"धाकू," गुणाजी म्हणाला.

धाकूनं वळून पाहिलं नाही. गुणाजीचे पाय तिथेच थबकले. अजून राग आहे, असं त्याला वाटलं.

"मोठ्यानं बोला, दादा," नंदा हळूच म्हणाली. "त्यांना बोललेलं समजत नाय आता. नऊ वर्षं त्या मशिनीजवल उभे हायेत ना. मोटा, जाड आवाज येतो तेवढा. मंजुळावयनीला मी बोललेले. तिनं नाय सांगितलं?"

गुणाजीनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. धाकू दचकला, वळला. थोडा वेळ त्याला कोण आलंय ते कळलंच नाही. मग त्याचा चेहरा उघडला. "दादूस!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की खिडकीतला कावळा उडाला.

एसटीत जुळवलेलं सगळं बोलणं गुणाजीच्या आतच राहिलं. त्यानं पिशवीतून वॉकमन काढला, हेडफोन धाकूच्या कानांवर बसवले, आवाज पार वर नेला आणि बटण दाबलं. हेडफोनमधून बाहेर सांडणारं सगळं गुणाजीला ऐकू येत होतं. तडतड सुरू झाली. धाकू तसाच बसून. गुणाजीचा आवाज आला, मागून धाकूचा: "दादूस, टाकू का?" धाकूच्या चेहऱ्यावर काही नाही. त्याला स्वतःचा आवाज पोचत नव्हता.

मग ढोमे वाजायला लागले आणि धाकूचे डोळे मोठे झाले. जाड, खालचा आवाज. तेवढा त्याच्या कानात अजून शिरत होता. त्यानं दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरले.

"ढोमा!" तो ओरडला. "दादूस, ढोमा हाय! किती हायेत! कवा घेतलंस? काल? तुजा कान आला परत?" तो उठून उभा राहिला. "नंदा, ऐक, म्हावरं आलंय! मी जातो चेंदणीला. होरी हाय ना अजून? जालं हाय?"

नंदा तोंडावर पदर धरून उभी होती. गुणाजीला वाटलं, असंच राहू द्यावं. एक दिवस. उद्या सांगू. त्याला नऊ वर्षं जे हवं होतं ते जवळजवळ मिळालंच होतं, फक्त उलट्या बाजूनं: कान गेलाच नव्हता असं नाही, तर परत आला असं. पण खोटं बोट दाखवून भावाला चिखलात जाळं टाकायला लावणं त्यानं दोन मोसम केलं होतं. पुन्हा त्याच्यानं होईना. त्यानं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि तोंड जवळ नेलं.

"जुनं हाय, धाकू! ऐंशी सालचं! सरांची टेप!"

ते आत पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा धाकू खाटेवर बसला.

"मंजे तुजा कान..."

गुणाजीनं स्वतःच्या कानाला हात लावून मान डोलावली. आहे. होता. कधी गेलाच नव्हता.

नंदानं तीन कप आणले आणि थर्मासमधून चहा ओतला. चहा अजून गरम होता. धाकूनं कप हातात घेतला, प्यायला नाही.

"मी तुना पाव्हण्यांसमोर बोललो," तो म्हणाला. त्याला वाटलं हळू बोलतोय, पण तेही सगळ्या चाळीला गेलं. "लय वाईट बोललो. कान इकलास बोललो."

गुणाजीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढ्यासाठी तो आला होता आणि ते मिळालं होतं. मिळाल्यावर ते भलतंच हलकं वाटलं, एवढी वर्षं उराशी धरून बसावं असं त्यात काही नव्हतं. ही नऊ वर्षं दोघे भाऊ एकत्र राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार करायचीही त्याच्यात ताकद उरली नव्हती.

धाकूनं हेडफोन पुन्हा नीट बसवले आणि टेप मागे न्यायची खूण केली. ढोमे पुन्हा वाजले. तो डोळे मिटून ऐकत होता, मान बापासारखी जराशी कलती. बरंच ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "आन आता? आता तिथं काय ऐकू येतं?"

"काय नाय," गुणाजी म्हणाला.

धाकूनं हात कानामागे नेला. "आं?"

गुणाजी भावाच्या कानाशी वाकला, आणि लोक त्याच्याशी नऊ वर्षं बोलत आले होते तसा छातीत श्वास भरून ओरडला.

"काय नाय, धाकू! खाली कोनच नाय! काय नाय!"

शेजारच्या खोलीतली बाई कसलं भांडण म्हणून दारात आली. दोन प्रौढ बाप्ये एकमेकांचे हात धरून बसलेले बघून परत गेली.